गाईडचा डावा हात

अंतरपाट म्हणून बाबांचा धुतलेला पंचा धरला होता. मोहिते काकूंना मंगलाष्टकं येत नव्हती, त्यामुळे त्या 'शुभमंगल सावधान' एवढंच निरनिराळ्या चालींवर म्हणत होत्या. पंचा खाली आला, तांदूळ पडले आणि आता हातात हात द्यायचा, तर त्यांची शोभना मध्येच थांबली.

"आई, हिचा डावा हात पुढं आहे."

सगळ्यांनी वाकून बघितलं. नवरा म्हणजे शोभनाचा पुण्याहून आणलेला प्लॅस्टिकचा बाहुला, सुटाबुटातला, कायम हसरा. नवरी माझी. कापडाची, आकाशी फ्रॉक घातलेली, गळ्यात स्कार्फ, कमरेला पट्टा, काळ्या लोकरीच्या दोन वेण्या. गाईड. तिचा उजवा हात कपाळाशी सलामीत शिवूनच टाकलेला होता. द्यायला उरला डावा, आणि तो तिनं अगदी मनापासून पुढं केला होता.

"पाणिग्रहणाला डावा हात?" काकू म्हणाल्या. "अगं मालू, असली कसली गं नवरी केलीस?"

मालूआत्या, म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, आमच्या पायरीवर बसून काहीतरी शिवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "गाईड डावाच हात देते, वहिनी. सगळ्या जगात."

"अगं पण लग्न आहे ना तिचं."

"लग्नाच्या आधीपासनं गाईड आहे ती."

काकू हसल्या, बाहुल्याचा प्लॅस्टिकचा हात तसाच त्या डाव्या हाताला टेकवला आणि लग्न लागलं. रव्याचे लाडू वाटले. मग थाळीत तांदूळ पसरून शोभनानं नवरीचं सासरचं नाव लिहिलं: रूपाली. माझ्या गाईडला तोवर नावच नव्हतं, गाईड हेच नाव. ती रूपाली होऊन व्हरांड्याच्या त्या टोकाला, मोहित्यांच्या क्वार्टरमध्ये गेली आणि माझी हुरहुर सुरू झाली.

साखर कारखान्याच्या कॉलनीत मे महिना फार लांबतो. गळीत हंगाम संपलेला, भोंगा गप्प, मळीचा वास तेवढा राहिलेला. पुरुष माणसं दुपारी घरी जेवायला येऊन पुन्हा झोपूनही जायची. आमची क्वार्टर आणि मोहित्यांची एका व्हरांड्याची, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. बाबा टाइम ऑफिसात, मोहिते काका वर्कशॉपला.

आत्या लग्नाआधी कारखान्याच्या शाळेत शिकवायची आणि गाईडचं पथक चालवायची. पथकातल्या मुलींसाठी ती जुन्या गणवेशांच्या कापडाच्या बाहुल्या करायची. पथकातल्या मुलींच्या वयांप्रमाणे तीन प्रकार: सगळ्यांत लहान, आखूड केसांची बुलबुल, दोन वेण्यांची गाईड, आणि एक लांब शेपटा असलेली, जराशी तोऱ्यातली रेंजर. काही चांगलं काम केलं की बाहुली मिळायची. मागून मिळायची नाही. त्यामुळं आम्ही त्या बाहुल्यांशी खेळण्यापेक्षा त्या जमवायचोच जास्त. कुणाकडे कोण आहे, कुणाच्या बुलबुलचा एक डोळा निसटलाय, सगळं सगळ्यांना पाठ. आजकाल अशा बाहुल्या लोक काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्याकडे काच नव्हती, पण नजर तीच होती.

माझ्याकडे एकटी गाईड. शोभनाकडे बुलबुल होती, रेंजर होती, गाईड नव्हती. तिघी मिळून अख्ख्या कॉलनीत कुणाकडेच नव्हत्या. शोभनानं आधी अदलाबदल सुचवली, दोघींतली कुठलीही घे म्हणाली. मी नाही म्हटलं. मग लग्नाची मागणी आली. मला आपलं वाटलं, बाहुल्याला बायको हवी आहे. मुलाकडच्यांना नक्की काय हवं असतं, हे अकराव्या वर्षी कळत नाही. पुढेही उशिराच कळतं.

यावर साधा उपाय होता: आत्यानं एक नवी गाईड करायची. मी तिच्या मागंच लागले होते. पण आत्याच्या हातून त्या दिवसांत बाहुली होतच नव्हती.

होळीच्या सुमाराला ती बार्शीहून, सासरहून, चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि मे निम्मा सरला तरी गेली नव्हती. आली तेव्हा डाव्या तळव्याला जाड पट्टी होती. तव्याला लागला म्हणाली. आईनं रोज कोरफडीचा गर लावला. पट्टी सुटली, पण बोटं नीट मिटेनात, म्हणून ती हाताला रुमाल गुंडाळून ठेवायची. परत कधी जायचं हे कुणी विचारलं नाही आणि का आली हेही विचारलं नाही. आमच्या घरात नाजूक विषयाला असा वळसा घालायचे, झोपलेल्या कुत्र्याला घालतात तसा.

आत्या मात्र एका जागी ठरत नव्हती. सकाळी शिवायला बसायची, गाईडचा फ्रॉक कापायची, हात जोडायची, मग उठून तुळशीला पाणी घालून यायची. मग फाटकापर्यंत जायची, रस्त्याकडं बघायची, परत यायची. परत आली की सकाळपासून घातलेले टाके उसवायची. असं रोज. मी शेजारी बसून ते टाके बघायचे. पूर्वी तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे असायचे. आता गव्हाएवढे, आणि रांग सोडून चाललेले.

कारण उघड होतं. ती उजव्या हाताने शिवत होती.

आत्या डावरी. आजोबांनी तिच्या लहानपणी फूटपट्टी घेऊन तिला वळवायचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच कंटाळले. लोकांच्या घरी हळदीकुंकवाला, देवळात प्रसाद घेताना, कुणाला काही देताना तिला आयुष्यभर एकच ऐकावं लागलं, 'डावा नको गं.' ती गाईडमध्ये गेली तेव्हा तिला कळलं, की इथं एकमेकींना डावाच हात देतात, काळजाच्या बाजूचा म्हणून. डाव्या हाताला मान असलेली एवढी एकच जागा तिला सापडली होती. तिथून ती हललीच नाही.

आणि आता सुई उजव्या हातात. आई एकदा भाजी निवडताना कौतुकानं म्हणाली, "बघा, इतकी वर्षं आम्हाला जमलं नाही ते सासरच्यांनी वर्षात केलं. वळण लागलं हो पोरीला." आत्या हसली, उठली आणि तुळशीला पाणी घालून आली. त्या दिवशी चौथ्यांदा की पाचव्यांदा.

माझीही गत तीच. दर थोड्या वेळानं मी भिंतीवरून डोकावायचे. शोभना म्हणायची, मुलीच्या सासरी असं सारखं यायचं नसतं. एकदा म्हणाली, रूपाली कामात आहे. एकदा, झोपलीय. मग एके दिवशी तिची नजर चुकवून मी बघितलंच. फ्रॉक गेला होता. त्या जागी काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला. दोन वेण्या सोडून अंबाडा. आणि कपाळाशी सलामीत असलेला उजवा हात तिथून उसवून पुढं आणून शिवला होता, त्यात बाटलीच्या बुचाची वाटी. डावा हात कमरेशी बांधला होता. बांधला होता तिच्याच स्कार्फने.

मी म्हटलं, माझी बाहुली परत दे. शोभना म्हणाली, दिलेली मुलगी कुणी परत मागतं का? नांदायला पाठवलीय तुम्ही.

मला तेव्हा नांदणं म्हणजे नक्की काय ते माहीत नव्हतं. मोठ्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं, असं आता वाटतं. तो शब्द वापरतात सगळे, त्याचा अर्थ जिला नांदायचं असतं तिच्यावर सोडलेला असतो.

त्याच आठवड्यात आत्याचे थोरले दीर बार्शीहून आले. दिगंबरराव. गोरेपान, मोठं पोट, मोठं हसू. आमच्यासाठी शेंगांच्या चटणीचा पुडा आणि गोळ्या घेऊन आले होते. मला ते फार आवडले, हे इथं सांगून टाकते. वाईट माणूस ओळखू येईल असा असता, तर पुष्कळ लग्नं आधीच मोडली असती. आणि ते वाईट होते असंही मी म्हणत नाही.

सकाळी बाहेरच्या खोलीत बोलणं झालं. दिगंबरराव म्हणत होते, आईचं आता वय झालं, घरात सुनेशिवाय अडतंय, लोक विचारतात. धाकटा, म्हणजे आत्याचा नवरा, काही बोलत नाही पण जेवत नाही. बाबा 'हो', 'बरोबर आहे' म्हणत होते. बाबांचं तसंच होतं. टाइम ऑफिसात दिवसभर इतरांच्या उशिराच्या सबबी ऐकून घ्यायची सवय. शेवटी दिगंबरराव म्हणाले, आज चारच्या गाडीनं घेऊन जातो मृणालिनीला. मृणालिनी म्हणजे आत्या, तिचं तांदळातलं नाव. बाबा म्हणाले, बरं.

ते 'बरं' स्वयंपाकघरात पोचलं. आईनं भराभरा ओटीचं सामान काढलं, आत्याची पिशवी भरली, दाराशी आणून ठेवली. आत्या शिवणाचा डबा घेऊन व्हरांड्यात गेली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही ओवला जाईना. मी ओवून दिला.

जेवणं झाली. पुरणपोळी होती, त्यामुळं सगळे सैलावले होते. ठरलं की माणसं अशीच मोकळी होतात. कुणाच्या बाबतीत ठरलं ते मग महत्त्वाचं राहत नाही. दिगंबरराव व्हरांड्यात खुर्चीवर पान लावत बसले, बाबा कठड्याला टेकून उभे. भिंतीपलीकडून काकू आल्या. आणि त्यांच्या मागे शोभना, काखेत रूपाली.

मी तिथंच भांडण काढलं. आज आत्या जाणार, मग माझ्या बाजूनं बोलायला कुणीच उरणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शोभनाही हटेना. काकू आम्हाला दटावत होत्या, तेवढ्यात दिगंबरराव मांडीवर थाप मारून म्हणाले, भांडता कशाला, बैठक बसवू. मी पंच. मुलीकडच्यांनी इकडं बसा, मुलाकडच्यांनी तिकडं.

सगळ्यांना गंमत वाटली. आई सरबताचे पेले घेऊन आली ती तिथंच बसली. मी तक्रार मांडली: फ्रॉक काढला, वेण्या मोडल्या, सलामी उसवली, हात बांधला. शोभना म्हणाली, ती डाव्या हाताने वाढत होती, मग काय करणार. यावर दिगंबरराव एवढे हसले, की पानाचा रस हनुवटीवर आला.

"शाबास," ते म्हणाले. "डावऱ्या सुनेला वळण लावावंच लागतं. नैवेद्याचं ताट असतं, चार माणसं पंगतीला असतात." मग पंचाचा आवाज काढून म्हणाले, "निकाल. मुलगी रीतसर दिलेली आहे. ती सासरीच नांदेल. कुणाला काही बोलायचंय?"

"मला विचारायचंय," आत्या म्हणाली.

तिनं शिवण खाली ठेवलं होतं. ती शोभनाशी बोलत होती, अगदी पथकात बोलायची तशी, समजावून.

"हात बांधायच्या आधी काय केलंत गं तुम्ही?"

"नुसतं सांगितलं तिला."

"सांगून ऐकलं नसेल."

"नाही ऐकलं," शोभना खेळात शिरून म्हणाली. "मग तिला जेवायला नाही दिलं."

"बरोबर. किती दिवस?"

"दोन."

"आणि मग?"

"मग हात बांधला."

"मधलं एक राहिलं," आत्या म्हणाली. "मध्ये तवा असतो. रिकामा तवा तापवायचा, आणि म्हणायचं, टेक. कुठला हात ते सांगावं लागत नाही. तिला माहीत असतं."

शोभनानं आईकडं बघितलं. काकू हसायच्या बेतात होत्या, तो चेहरा तसाच राहिला.

बाबा कठड्यापासून सरळ झाले. "मालू. तव्याला लागला म्हणाली होतीस तू."

"तव्यालाच लागला, दादा," आत्या म्हणाली. "मी लावला नव्हता."

आईनं हातातला पेला जमिनीवर ठेवला. त्यातलं सरबत हिंदकळून सांडलं, ते तिनं पुसलंही नाही. ती आत्याच्या रुमालाकडं बघत होती. मला वाटतं, 'वळण लागलं' हे स्वतःचेच शब्द तिला तेव्हा ऐकू येत असावेत.

दिगंबररावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. ते म्हणाले, बायकांच्यातल्या गोष्टी असतात, आपण पुरुषांनी त्यात पडू नये. म्हातारी आई जुन्या वळणाची आहे, रागाच्या भरात होतं कधी, नंतर तिनंच लोणी लावलं होतं हाताला. मनावर घेण्यासारखं काही नाही. हे सगळं ते समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात कुठंही 'असं झालंच नाही' एवढं वाक्य नव्हतं. ते नाही हे बाबांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते एकेक शब्द ऐकत होते, हजेरी घेताना ऐकायचे तसे.

सगळं ऐकून झाल्यावर बाबा खोलीत गेले, पायात चपला घालून आले. दिगंबररावांची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"चला. चारची गाडी चुकेल तुमची."

दिगंबरराव उठले. धोतराचा सोगा सावरला. "मृणालिनी तयार आहे ना?"

"इथं कुणी मृणालिनी राहत नाही," बाबा म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही. मी पुढं आयुष्यात बाबांना पुष्कळ ठिकाणी गप्प बसलेलं बघितलं, ते गप्प बसणारेच गृहस्थ होते. पण त्या दिवशीचं ते वाक्य त्यांच्या खात्यावर कायमचं जमा होतं, त्यामुळं बाकीच्या वेळी मला त्यांचा राग धरता आला नाही.

ते दोघं फाटकातून बाहेर पडले. बाबा पुढं, पाहुणे मागं, दोघांत बरंच अंतर. आई उठली, दाराशी ठेवलेली आत्याची पिशवी उचलून आत घेऊन गेली. काकू पेले गोळा करायला लागल्या. दुसऱ्याच्या घरचे पेले होते, तरी त्यांनी ते विसळून पालथे घातले. जाताना आत्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंतीपलीकडं गेल्या.

आत्याही उठून आत गेली. आम्ही दोघी मुली मध्येच उभ्या राहिलो होतो. "मग निकाल झाला ना?" शोभनानं विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. तिनं बाहुलीला काखेत घट्ट धरलं आणि पळत आपल्या घरात गेली. आतून कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. पंचांनी निकाल दिला होता आणि पंच एसटी स्टँडच्या वाटेवर होते. अपील कुणाकडं करायचं?

कॉलनीत तिघी बाहुल्या पहिल्यांदा कायमच्या एकत्र आल्या त्या अशा. शोभनाच्या घरी.

मी आत्याला सांगायला आत गेले. आता तरी ती काहीतरी करेल असं मला वाटत होतं. ती बाहेरच्या खोलीत दिवाणाच्या कडेला बसली होती. मला बघून म्हणाली, जरा पडते गं. तिनं पाय वर घेतले, कूस बदलली, डावा हात उशीखाली न दाबता तसाच उताणा बाजूला ठेवला आणि झोपली. होळीपासून दुपारची पाठ टेकताना मी तिला पाहिलं नव्हतं. डोळे मिटल्या मिटल्या तिचा श्वास खाली गेला, लहान मुलांचा जातो तसा. खोलीत उजेड होता, माशा होत्या, पलीकडं काकूंचं दार वाजत होतं. तिला काहीही ऐकू येत नव्हतं.

मग मात्र मला रडू फुटलं. मोठ्यांचं त्यांच्यातलं काहीतरी झालं होतं, पण माझी बाहुली गेली होती आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी व्हरांड्यात पाय पसरून, गळा काढून रडायला लागले, चार घरं ऐकतील असं. आई लगबगीनं बाहेर आली. मला वाटलं, आता धपाटा.

ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिचे स्वतःचेच डोळे सुजलेले होते. पदरानं तिनं माझं नाक पुसलं, मग त्याच पदरानं आपलं.

"रड," ती म्हणाली. "पण हळू रड. आत्या झोपलीय."